हवेतला कापूस वेचणारा पहिलवान

हजारो माणसं एकाच क्षणी गप्प कशी होतात, हे मी अमरावतीत पाहिलं. पेन्शनीत येऊन आता बरीच वर्षं झाली. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. एकदा तर ज्याचा प्रेत म्हणून पंचनामा लिहायला घेतला, तो उठून बसला आणि त्यानं मला तंबाखू मागितली. पण अंगावर काटा आला तो त्या दुपारी, कुस्तीच्या फडात.

फडात अमरावतीचा नामांकित पहिलवान उभा होता. समोर अकोल्याचा. हलगी थांबली, दोघांनी माती कपाळाला लावली आणि अमरावतीचा पहिलवान पुढे येण्याऐवजी हवेत हात घालून काहीतरी तोडू लागला. तोडायचा, दुसऱ्या हातात धरायचा, परत तोडायचा. जणू पऱ्हाटीतून कापूस वेचत होता. मग त्यानं तो नसलेला कापूस नसलेल्या ओटीत टाकला, माझ्याकडे पाहून गोड हसला आणि आडवा झाला.

लोक आधी हसले. मग गप्प झाले. आणि मग कोणीतरी ओरडलं, "अकोलेवाल्यानं चारलं बे त्याले!"

हा फड काय होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी तेव्हा अमरावतीच्या ठाण्यात दुय्यम फौजदार. वय अठ्ठावीस, मिशी वयापेक्षा मोठी. अमेरिकेत म्हणे दोन भाऊ भांडत होते आणि त्यांच्या भांडणापायी आमचा वऱ्हाडी कापूस विलायतेत सोन्याच्या भावानं जात होता. ज्यानं कधी बैलबंडीला वंगण घातलं नाही, तो बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या घालून मिरवत होता. अशा दिवसांत अमरावतीच्या एका बड्या अडत्याच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यांना मी नुसतं शेट म्हणतो.

शेटचं म्हणणं असं: कुस्ती जत्रेपुरती आणि नागपंचमीपुरती काहून असावी? अमरावती, अकोला, बडनेरा, पातूर आणि चांदूर या पाच गावांनी प्रत्येकी सहा पहिलवान महिन्याच्या पगारावर ठेवावेत. दिवाळीपासून होळीपर्यंत दर बाजाराच्या दिवशी दोन गावांची गाठ पडावी. फडाला तट्ट्यांचं कुंपण घालावं आणि तिकीट लावावं. जे गाव जास्त कुस्त्या जिंकेल, त्याच्याकडे वर्षभर चांदीची गदा राहावी.

जुनी माणसं हसली. आमच्या ठाण्यातले जमादार स्वतः एकेकाळचे पहिलवान. ते म्हणाले, "कुस्ती म्हंजे सणाचं पुरण हाय, सायेब. रोज खाल्लं तं पोट बिघडते. अन् पगारी गडी का जीव लावून लढन? हे दुकान दोन होळ्या नाही पाहत."

पण पहिल्या दोन महिन्यांत माणूस मावेना. लोक बैलांच्या दमण्या जुंपून पाच-पाच कोसांवरून येत. आणि सगळ्यांची नजर या दोघांवर: अमरावतीचा वयानं थोरला, शांत, दगडासारखा; अकोल्याचा धाकटा, विजेसारखा. त्यांची तीनदा गाठ पडली आणि तिन्ही वेळा कुस्ती बरोबरीत सुटली. पहिल्यांदा लोकांनी फेटे उडवले. दुसऱ्यांदा टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "हे कुस्ती खेळून राह्यले का गळाभेट घेऊन राह्यले?" पुढच्या बाजारी निम्मं कुंपण रिकामं होतं.

शेट घाबरले. त्यांनी दवंडी पिटवली की हंगामाची शेवटची कुस्ती निकाली होईल. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत फड सुटणार नाही, आणि या वेळीही बरोबरी झाली तर पुढच्या साली फडच भरणार नाही. म्हणजे तीस पहिलवानांची भाकर त्या एका कुस्तीवर आली. तीच ही कुस्ती.

तर थोरला आडवा झाला आणि अमरावतीकरांनी अकोल्याच्या दमण्यांकडे मोर्चा वळवला. माझ्याजवळ आठ शिपाई. मी धाकट्याला बखोटीला धरून ठाण्यात आणलं, ते त्याचा जीव वाचावा म्हणून. ठाण्यात आणून अर्धा तास झाला नाही तोच तो माझा आरोपी झाला.

झालं असं. एक गवळण आपणहून ठाण्यात आली. थोरल्याच्या तालमीत दुधाचा रतीब तिचा. डोक्यावरचा पदर दातात धरून म्हणाली, "फौजदारसायेब, खोटं सांगन तं म्हशी आटतीन माह्या. हाच गडी सकायी तालमीत आलता. हातात लोटा, लोट्यावर फडकं. मले पायलं अन् मुंडी खाली घालून गेला."

"कोणी बोलावलं होतं त्याला?"

"मी दूध घालतो, सायेब, कान नाही घालत. पर दुश्मनाच्या घरी सकायी सकायी कोन जाते?"

प्रश्न चोख होता. वैद्यबुवांनी थोरल्याला तपासलं. डोळ्यांतली बाहुली पसरलेली, तोंड कोरडं, बोलणं भलतंच. त्यांनी लिहून दिलं: धोत्र्याचं बी. वाटमाऱ्यांच्या खटल्यांत आम्ही धोत्रा पुष्कळ पाहिला होता, शंका उरली नाही. थोरल्याच्या खोलीचा पंचनामा केला. फडक्याचा लोटा सापडला. आत लाल माती. मी पंचांसमोर लिहिलं, "एक पितळी लोटा, आत सुमारे दोन ओंजळी लाल माती", आणि पुढच्या वस्तूकडे वळलो. त्या ओळीवरून मी किती सहज पुढे गेलो हे आठवलं की आजही कान गरम होतात.

आता धाकट्याचा जबाब. त्याला ठाण्याच्या जोत्यावर बसवलं, पायात बेडी घातली.

"सकाळी कशाला गेला होतास?"

"गेलतो."

"ते कळलं. कशाला?"

"सांगता येत नाही."

"धोत्रा तू दिलास?"

तो पायातली बेडी सरळ करत बसला. जमादारांनी आवाज चढवला, "अबे, मानूस मेला तं काळ्या पान्यावर जाशीन तू! समजून राह्यला का?"

तो म्हणाला, "जाईन."

मी आणि जमादारांनी एकमेकांकडे पाहिलं. ठाण्यात रडणारे पाहिले, शिव्या देणारे पाहिले, देवीची शपथ घेऊन खोटं बोलणारे तर रोजचे. पण विड्याच्या पानाला चुना लाव म्हटल्यासारखं "जाईन" म्हणणारा पहिलाच. दोन दिवस हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी शेट आले. मला वाटलं, रडत येतील. ते आले अत्तर लावून. खुर्ची ओढून माझ्या कानाशी लागले. "सायेब, अकोल्यानं विष घातलं असंच लिहा अन् मोकळे व्हा."

"अहो, तुमचा पहिलवान बेशुद्ध पडलाय!"

"पडला, वाईट झालं. पर लोक काय बोलून राह्यले ते ऐकलं का? अमरावती पेटली, अकोला पेटला. पुढच्या साली कुंपन मोडन एवढी गर्दी होईन! वैर लागते सायेब, फड चालवाले वैर लागते."

मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. पण खरं सांगायचं तर कागद त्यांच्याच बाजूचे होते. साक्षीदार होती, वैद्याचा दाखला होता, हेतू होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गोऱ्या साहेबाकडे पाठवायचा अहवाल अर्धा लिहून झाला होता.

त्याच सकाळी थोरला शुद्धीवर आला आणि दोन माणसांच्या आधारानं जबाब द्यायला ठाण्यावर आला. त्यानं पायरी चढताच बेडीतला धाकटा उभा राहिला. मला वाटलं, आता एकमेकांच्या नरड्याला धरतात. शिपायांना खूण केली. पण थोरला बेडीकडे पाहत नुसता थिजला होता. ऊन कडक होतं, दोघांचेही ओठ सुकलेले. मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. शिपायाच्या वाटेत धाकटा आधी लागला, म्हणून तांब्या त्याच्या हातात गेला.

तो प्यायला नाही. तांब्या दोन्ही हातांत धरून, नजर खाली घालून उभा राहिला. मी म्हटलं, "पी." तरी नाही. मग त्यानं बेडी खळखळवत दोन पावलं टाकली आणि तांब्या थोरल्यापुढे धरला. थोरला प्यायला. उरलेलं पाणी धाकट्यानं घेतलं. आणि मगच, थोरला खाली टेकल्यावर, तो खाली बसला.

बाकी कोणाला यात काही दिसलं नाही. पण लहानपणी मीही चार वर्षं माती अंगाला लावली होती. तालमीत थोरल्या गुरुभावाआधी धाकटा पाणी पीत नाही. तो उभा असेपर्यंत बसत नाही. ही सवय हाडात जाते. बेडी घातली तरी सुटत नाही.

थोरला सुरू झाला होता, "मले काई आठवत नाही, सायेब..."

मी मधेच विचारलं, "तुमचा उस्ताद कोण?"

दोघांचेही चेहरे पांढरे पडले.

"दोघांचा एकच ना?"

जमादारांच्या हातातला बोरू गळून पडला. थोरल्यानं तोंडावर दोन्ही हात घेतले, आणि तो दगडासारखा माणूस बायामाणसांसारखा हुंदके देऊन रडू लागला.

पातूरच्या पलीकडे घाटात एक म्हातारा उस्ताद होता. हे दोघे त्याच्याच हाताखाली वाढले. कापसाचा पैसा आला तेव्हा अमरावतीची माणसं एका आठवड्यात पोचली, अकोल्याची दुसऱ्या. त्यांनी पहिलवान पाहिले कसे? कापसाची गठाण पाहावी तसे. वजन किती, छाती किती, दंड किती काढतो. कापसाचं बोंड कोणत्या शेतातलं हे विचारणारे व्यापारी, पण पहिलवान कोणत्या तालमीतला, हे एकानंही विचारलं नाही. उस्तादानं एक इकडे दिला, एक तिकडे. निरोप देताना हातात माती देऊन वचन घेतलं की भावाभावांनी एकमेकांची पाठ मातीला लावायची नाही.

"म्हणून तीनदा बरोबरी?"

"हो, सायेब," धाकटा म्हणाला. आता त्यालाही कंठ फुटला होता. "निकालीची दवंडी झाली अन् मी उस्तादाच्या आखाड्यातली माती घेऊन दादाकडं गेलो. म्हटलं, दादा, मी पडतो. उस्तादाले मीच तोंड दाखवीन."

थोरला म्हणाला, "मी त्याले हाकललं. लोकापुढं खोटं पडाचं? मंग त्या मातीले हात कोन्या तोंडानं लावाचा? थो गेल्यावर मीच धोत्र्याचं बी चावलं. वाटलं, ओकाऱ्या होतीन, वैद्य म्हनन आज जमत नाही. अंदाज चुकला."

मी धाकट्याकडे वळलो. "आणि तू? तुला कळलं होतं?"

"हवेतून कापूस वेचाले लागला तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तं तिन्ही कुस्त्या लटक्या होत्या हे लोकाले समजलं असतं. फड बुडाला असता. तीस गडी हायेत, सायेब. मी एकटा."

मी त्याची बेडी स्वतः काढली. अर्धा अहवाल फाडला.

दुपारी शेट परत आले. या वेळी अत्तर नव्हतं. "सायेब, पाया पडतो. ऊन लागलं होतं म्हनून सांगू. विष म्हटलं तरी चालन! पर हे नका सांगू!" विष चालत होतं त्यांना, खरं चालत नव्हतं. पण खरं दाबलं तर धाकट्याच्या कपाळी विषाचा डाग जन्मभर राहणार होता. मी काही बोलण्याआधी थोरला म्हणाला, "मीच सांगतो. फडात."

हंगाम संपला होता, तरी पुढच्या बाजारी फड पुन्हा भरवला, आणि कुंपणाला जागा उरली नाही. लोक भांडण बघायला आले होते. मी शिपाई दुप्पट लावले. शेटनी, मी स्वतः पाहिलं, मागच्या दारी दमणी जुंपून ठेवली होती. थोरला मातीत उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

परत ती शांतता.

मग एक म्हातारा कास्तकार उठला. "अबे, मंग आमी तीन बारी टाया काहाच्यावर वाजवल्या?"

"माह्या लबाडीवर, बाप्पा," थोरला म्हणाला.

 म्हाताऱ्यानं काठी फिरवली ती शेटकडे. "अन् भावावर भाऊ सोडला कोनं? कापूस घेता तवा तं बोंड फोडून पायता! याईले काहून नाही पुसलं?"

झालं! सगळा फड शेटवर उलटला. शेटना फेटा काढून मातीत उतरावं लागलं आणि पाच गावांसमोर कान धरावे लागले. मी कायद्याचा माणूस, हसू नये. मी फार हसलो. शेवटी शेटनी तिथंच कबूल केलं की यापुढे एका उस्तादाचे पट्ठे एकाच गावात राहतील.

"आता कुस्ती दाखवा!" लोक ओरडले. थोरला म्हणाला, मीच लढतो. वैद्यबुवा नको नको म्हणत होते. बडनेऱ्याचा एक मध्यम पहिलवान समोर आला. थोरल्याच्या अंगात अजून ताकद नव्हती. चौथ्या डावाला तो उचलला गेला आणि धाडकन पाठीवर पडला. चितपट. त्या हंगामातला सगळ्यात मोठा जल्लोष त्या पडण्याला झाला. कोणी जिंकल्याचा तो नव्हता. लोकांनी खरं पडणं पाहिलं होतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? माझ्या तपासाच्या कागदांत एकही शब्द खोटा नव्हता. गवळण खरं बोलली, वैद्य खरं बोलले, पंचनामा तंतोतंत होता. आणि तेवढ्या खऱ्याच्या जोरावर मी एका निरपराध माणसाला काळ्या पाण्यावर धाडायला निघालो होतो. कदाचित बढतीही मिळाली असती. त्यानंतर कोणीही माझ्यापुढे आला की नाव-गावाआधी मी विचारी, तू कोणाच्या हाताखाली वाढलास? निम्मे गुन्हे तिथंच उकलत.

आणि फडाचं काय झालं? अमेरिकेतलं भांडण मिटलं, कापूस कोसळला, शेटही दिसेनासे झाले. आम्ही म्हटलं, संपलं. त्या हिवाळ्यात माझी बदली अकोल्याला झाली. बाजाराच्या दिवशी सहज फडाकडे वळलो. पगार बंद झाले होते. पहिलवानांना कोणी ज्वारी देत होतं, कोणी दूध. मला वाटलं, चार रिकामटेकडे असतील. कशीबशी एक पाऊल टेकायला जागा मिळाली. अंगावर पुरा पोशाख, डोक्यावर सरकारी पगडी, म्हटलं लोक वाट देतील. तेवढ्यात मागून कोणीतरी खेकसलं,

"ओ फौजदार, पगडी काढा ना! दिसून नाही राह्यलं!"

मी मुकाट्यानं काढली.