दुकानाची किल्ली

आमच्या वहिनीचं शिवणाचं दुकान आहे आणि बी.ए. कित्येक वर्षं रखडलंय. परीक्षेला ती फार घाबरते. एवढी भीती वाटते तर सोड की, मी चिडून म्हणते, पण सोडतही नाही बया. मागच्या वर्षी ती कॉलेजच्या फाटकावरूनच परतली आणि दुकान उघडून पडदे शिवत बसली. म्हणून यंदा शेवटच्या पेपरला तिनं आपणहून किल्ली आईकडे दिली. "मागितली तरी देऊ नका."

आम्ही दोघी तिला सोडायला गेलो. फाटकापाशी ती मागे वळली. "आई, किल्ली द्या. सगळं विसरलेय मी."

"आत जाऊन विसर," आई म्हणाली.

वहिनी डोळे पुसत आत गेली. आईनं मूठ उघडली, तर किल्लीचे दाते तळहातावर उमटले होते.