बायांची डॉक्टर

मी सांगते त्यातलं कुणाला काही खरंच वाटत न्हाई. नवरा म्हणतो, "वाढवून सांगतीस." शेजारीण तोंडाला पदर लावून हसती. चौथी शिकलेली बाई, आरोग्य खात्यात अर्धवेळ परिचर, म्हणजे झाडूपोचा आणि चहा. माझ्या बोलण्याला कोण किंमत देणार? पण साळवे मॅडमच्या मागं फिरलं की असले किस्से साठतच जातात, मोरीत खरकटी भांडी साठावीत तसे. घासायला मात्र कुणी येत न्हाई!

डॉक्टर साळवे मॅडमचा एकच ध्यास. बाळंतपणात बाई मरू नये, आणि मेलीच तर ती मोजली जावी. त्यात माझा बी मतलब होता. माझं माहेर धनगराचं, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं. आमच्या बाया कोणत्याच गावाच्या हिशोबात नसतात. जगल्या तरी न्हाई, मेल्या तरी न्हाई.

*

मॅडम पहिल्यांदा आमच्या केंद्रावर आल्या तेव्हा तरण्या होत्या. बाळंतपणाची खोली उघडायला लावली तर आत छतापर्यंत सोयाबीनची पोती! गावातल्या एका पुढाऱ्याची. बाया व्हरांड्यात बाळंत व्हायच्या आणि पोती पंख्याखाली.

पुढाऱ्याचा माणूस पळत आला. "मॅडम, भाव वाढूस्तोवर राहू द्या की. कुणाला काय तरास हाय?"

मॅडमनी एका पोत्यावर हात ठेवला.

"बरं. ह्यांना कितवा महिना?"

*

पुढं मॅडम जिल्ह्याला गेल्या. कुठलं काम खरं आणि कुठलं कागदावरचं, हे तपासायचं त्यांच्याकडं आलं. मला वाट दाखवायला संगं घ्यायच्या.

आता तपासणीची टीम आली की आमच्याकडं गाडी एकाच दारात थांबायची. डांबरी सडकेला लागून बंगला, चकचकीत फरशी, चहाला कपबश्या, आणि पाटलाची शिकलेली सून. मॅडमनाबी तिथंच नेलं.

मॅडमनी विचारलं, "काय ताई, गोळ्या वेळेवर मिळतात ना?"

सून एकदम चिडली. "मॅडम, माझं पोरगं शाळेत जायला लागलं! तरी टीम आली की मी गरोदर. ह्या लोकांना सांगा, एकदाची बाळंत करा मला!"

*

मॅडम म्हणाल्या, आता मेंढपाळांकडं चला. संगंचा साहेब म्हणाला, "पुढं गाडी जात न्हाई." मॅडम उतरल्या आणि चालू लागल्या. साहेब गाडीत बसून राहिला, त्याचे बूट नवे होते.

घाटनांदूरच्या पल्याड माझ्या चुलतीचं पाल पडलं होतं, चार काठ्यांवर कापड टाकून. चुलती म्हातारी, पण जीभ कोयत्यासारखी. लांबूनच ओरडली, "मेंढरांचा डॉक्टर मागल्या आठवड्यात येऊन गेला! समद्यांला टोचलं!"

मी म्हणलं, "काकू, ह्या मेंढरांच्या न्हाईत. ह्या बायांच्या डॉक्टर हायेत."

चुलतीनं मॅडमना खालून वर न्याहाळलं.

"बायांला बी असतो व्हय?"

*

मॅडमनी रानातल्या बाया मोजायला सुरुवात केली आणि आकडा चढला. चढणारच की! मेलेली बाई पहिल्यांदाच कुणीतरी मोजत होतं.

मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी भिंतीवर चित्र दाखवलं. "मॅडम, तुम्ही आल्यापासून मरण वाढलंय. आधीच्या साहेबांच्या काळात असं नव्हतं."

मॅडम म्हणाल्या, "सर, तेव्हाही मरत होत्या. कुणी विचारायला जात नव्हतं."

"खुलासा द्या लेखी."

मी चहा वाटत होते. मला राहवलं न्हाई. म्हणलं, "साहेब, आधीच्या साहेबांना परत बोलवा. जिल्ह्यातल्या बाया अमर हुतील!"

त्या दिवसापास्नं माझ्याकडचा चहा काढून घेतला.

*

माझी भाची सुंदरा. पोटुशी होती. पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. मी एका केंद्रात सांगितलं तर म्हणाले, ती आमच्या हद्दीत न्हाई. दुसऱ्यात गेले तर त्यांनी पहिल्याकडं बोट दाखवलं. शेवटी मॅडमना फोन केला. त्यांनी चार जणांना झापलं तेव्हा गाडी निघाली.

पाल होतं परळीच्या अलीकडं, वीज कारखान्याच्या राखेनं पांढऱ्या पडलेल्या माळावर. गाडी सडकेलाच उभी राहिली. जावयानं तिला घोंगडीत घालून सडकेपर्यंत आणली, तवर झटके सुरू झाले होते. पोर पोटातच गेलं. सुंदरानं गाडीतच जीव सोडला.

मॅडमनी चौकशी लावली. मोठे साहेब मधल्या खुर्चीत. जावई दारापाशी उभा, टोपी हातात. त्याला कुणी बस म्हणलं न्हाई. मी त्याच्या शेजारी.

नर्सबाई म्हणाली, "आमची हद्द न्हाई." डॉक्टर म्हणाला, "माझ्यापर्यंत केस आलीच नाही."

मॅडमनी ड्रायव्हरला विचारलं, "गाडी सडकेला का थांबली?"

"आत रस्ताच न्हाई, मॅडम."

"मी परवा जाऊन आले. माझी जीप पालापर्यंत गेली."

ड्रायव्हरनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, "साहेब, त्यांचं कुत्रं अंगावर आलं."

खोलीत एकदम सगळ्यांचा जीव भांड्यात पडला! नर्सबाई म्हणाली, "धनगराची कुत्री लई वंगाळ." डॉक्टरनं मान डोलावली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"हे लिहू नका," मॅडम उभ्या राहिल्या. "बाई मेलीय, सर."

"कारण तर लिहावंच लागेल ना? तुम्हीच म्हणता, प्रत्येक मरणाचं कारण पाहिजे."

मग साहेब जावयाकडं वळले. सकाळपासून त्याला कुणी विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

"कुत्र्याचं नाव काय?"

जावयानं हातातली टोपी चुरगळली.

"कबऱ्या."