साडेतीन वर्षांच्या मापाची खोली

मंडळाच्या हॉलमधली मुलांची खेळखोली या रविवारी उघडतेय. आमच्या सचिव शोभाताईंनी काल दुपारी पक्कं सांगितलं. रंग वाळलाय, कूलर बसलाय... फक्त घसरगुंडी अजून जागेवर नाही.

ती का नाही, तेच सांगायचंय.

भिलाईच्या उन्हाळ्यात मुलं दिवसभर घरातच असतात, आणि क्वार्टरच्या दोन खोल्यांत किती खेळणार. म्हणून मंडळानं हॉलचा मागचा भाग सगळ्यांसाठी खुला करायचं ठरवलं. कुणाचंही मूल, सोबत आई किंवा बाप. डिझाइन रामटेके काकांकडे, नियमांचा बोर्ड लिहिणं माझ्याकडे.

काका प्लांटच्या पॅटर्न शॉपमधून रिटायर झालेले. ढलाईत लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो तिथे बनतो. पॅटर्न नाही तर काम नाही, ही आयुष्यभराची सवय... म्हणून त्यांनी सगळ्यात आधी प्लायवूडचं एक मूल कापलं. डोकं, खांदे, पसरलेले हात.

मग प्रत्येक वस्तू त्या मुलाला लावून पाहिली. घसरगुंडीची पायरी, बोगद्याचं तोंड, हात धुवायचं बेसिन.

"काका, पोरं खेळणार आहेत, ढलाई नाही करायची," शोभाताई म्हणाल्या.

"ढलाई बिघडली तं फिरून करता येते बाई. लेकराचं डोस्कं नाही."

मोठ्यांच्या बाकावरून मात्र वाद झाला. शोभाताईंना समोरासमोर बाक हवे होते, आयांना गप्पा मारता याव्यात म्हणून. काकांनी भिंतीला लागून एकच लांब बाक केला. "दोघं जण बसले तं दोघाईची नजर लेकरावर पाहिजे. एकमेकाचं तोंड पाहाची जबरदस्ती कावून?"

मी हसलो होतो. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असं वाटलं.

गेल्या सोमवारी बोर्डाचा मजकूर दाखवायला गेलो. काका हात धुवायला गेले होते, प्लायचं मूल भिंतीला उलटं टेकवलेलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलनं लिहिलं होतं... ओवी, साडेतीन वर्षे.

ओवी त्यांची नात. मुलगा आणि सून वेगळे झाले, सून रश्मी ओवीला घेऊन उतईला माहेरी राहते. मुलगा काकांजवळ क्वार्टरमध्येच, भिलाई-3 ला रेल्वेत आहे. उतई काही दूर नाही... पण तेव्हापासून ना ती इकडे आली, ना यांना तिकडे कुणी बोलावलं.

"काका, ओवी आता केवढी झाली?"

"सातवं लागलं." त्यांनी ते मूल सरळ केलं, कडेवरचा भुसा बोटानं पुसला. "मले मालूम आहे ती वाढली. पर माप तेवढंच आहे ना माह्याजवळ."

तेच पुढे म्हणाले, "लोखंड थंडं झालं का आकसते. म्हणून पॅटर्न मोठा ठेवाचा. किती मोठा, ते पाठ आहे मले. लेकराचं कोणी शिकवलं नाही."

"मग तिच्या आईला विचारा."

"कोन्या तोंडानं? रश्मी क्वार्टरची पायरी चढणार नाही. इथं येईन ती... इथं कोणाचं घर नाही."

तेव्हा मला तो बाक कळला. कुणा दोघांसाठी एकाच दिशेचा, ते कळलं. आपण त्यावर हसलो होतो, हेही आठवलं.

माझी सगळी नोकरी शब्द जुळवण्यातच झाली. तिथेच बसून मी त्यांच्यासाठी रश्मीला आठ ओळींचा मेसेज लिहिला. काकांनी चष्मा लावून तो वाचला आणि एकेक ओळ खोडत गेले. जो गेला तो एवढाच... 'रविवारी खेळाची खोली उघडून राहिली. ओवीची उंची किती?'

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. घसरगुंडीचे तुकडे कोपऱ्यात तसेच. शोभाताईंनी दोनदा आठवण करून दिली, काका फक्त मान हलवायचे. बुधवारी तर ते हॉलवर आलेच नाहीत.

काल संध्याकाळी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नमस्कार नाही, नाव नाही. नुसता आकडा... ११८.

मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

आज सकाळपासून हॉलमध्ये करवत चालू आहे. जुनी पायरी लहानांसाठी राहणार, वर नवी चढतेय. प्लायचं दुसरं मूल कापून झालंय, ते मी मोजून पाहिलं. एकशे अठरा सेंटिमीटरचं नाही, एकशे वीसचं आहे.

हे लिहायला काकांनी एका अटीवर परवानगी दिली, सुनेला दोष द्यायचा नाही. देत नाही. मोजून कळवलं, त्याबद्दल मी तिचा आभारीच आहे.

उद्या शनिवारपर्यंत घसरगुंडी उभी राहील, असं काका म्हणतात. रविवारी सकाळी दहाला दार उघडेल. येऊ, असं रश्मीनं लिहिलेलं नाही... उंची तेवढी कळवलीय.