नवसाबाईची दुहेरी गाठ

नवसाबाईचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. होता तो एका तांबड्या गायीवर, कारण तिला बोलता येत नव्हतं. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू पिकवायचा, त्याच्या माळा ओवून पंचवटीत विकायच्या, हा तिचा धंदा. पूर्वी माळा केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवलेल्या असायच्या. आता हिरवा नायलॉनचा दोरा आला होता, पक्का आणि स्वस्त. त्याला शेवटी ती दुहेरी गाठ मारायची, कुणी मधली फुलं ओढून घेऊ नयेत म्हणून.

वस्तीवर घंटागाडी यायला लागली आणि बाईचा संशय आणखीच बळावला. भोंगा ओरडायचा, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा.

"कशाला पायजे यांना वेगळा?" ती सुनेला, छायाला, म्हणायची. "आपण काय खातो, काय आणतो, समदं कळतं त्यातनं. मग नजर लागती."

"आत्याबाई, साली कुजून खत होतं. प्लास्टिक शंभर वर्षं कुजत नाय," छाया म्हणाली.

"तू बघितलीस का शंभर वर्षं?"

कचरा सगळा गोठ्यामागच्या उकिरड्यावर जायचा. साली, फरसाणाच्या पिशव्या, शिळ्या माळा, सगळं एकात एक. गाय तिथंच मोकळी चरायची.

एक दिवस तांबडीनं चारा सोडला. डावी कूस ढोलासारखी फुगली. नवसाबाईनं गायीकडं नीट बघितलंसुद्धा नाही, आधी बघितलं बांधापलीकडं. तिथं चिमाजीचा मळा. बांधावरून दोघांचं वाजलेलं होतं, आणि कालच तो पाठीवर पंप लावून औषध फवारत होता. आणखी पुरावा कशाला हवा? ती बांधावर उभी राहिली आणि वस्तीला ऐकू जाईल अशी बोलली, "चिमाजी, माझ्या मुक्या जनावराला इख घातलंस. तुझं वाटोळं होईल."

चिमाजीनं मान खाली घातली, मोटारसायकल काढली आणि गुरांच्या डॉक्टरला मागं बसवून घेऊन आला. नवसाबाईला यातही काळंबेरं दिसलं. मेली का ते बघायला आला असेल, ती पुटपुटली.

डॉक्टर म्हणाले, पोट फाडावं लागेल, नाहीतर गाय जाईल. शिंगं चिमाजीनं धरली. सगळी वस्ती गोळा झाली होती. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घातला आणि ओढून काढायला लागले. फरसाणाच्या पिशव्या निघाल्या. नवसाबाईनं सुनेला चोरून खाल्लेल्या क्रीमच्या बिस्किटांचे कागद निघाले. मग हिरवा दोरा निघाला, गुंताच्या गुंता, आणि त्याला जागोजागी दुहेरी गाठी. फुलं कधीच पचून गेली होती. दोऱ्याला काहीच झालं नव्हतं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं नवसाबाईला झालं.

गाय वाचली. तिनं घासाला तोंड लावलं तशी नवसाबाई बांधावर गेली.

"चिमाजीभाऊ, इख तुमचं नव्हतं. दोरा माझा होता."

"म्हाईत हाय," तो खुरपं न थांबवता म्हणाला. "गाठ वळखली म्या."

दुसऱ्या दिवशी घंटागाडीपाशी ती दोन बादल्या घेऊन उभी. गाडीवाला सुक्या कचऱ्यात डोकावला आणि तिचा संशयी स्वभाव आठवून बिचकला.

"बघ बाबा, खुशाल बघ," ती म्हणाली. "म्या काय खाते ते समद्या वस्तीनं गायीच्या पोटात बघितलंय."