गेलेल्या माणसाचे शर्ट

आमचं दुकान मेहकरात, गादी-रजईचं. अब्बा कापूस पिंजतात, मी शिवते आणि फोन सांभाळते. ‘फोन सांभाळते’ हे अब्बांचे शब्द. कुणी विचारलं की ते असं सांगायचे, जणू घरात एखादं तान्हं मूल आहे.

फोमच्या गाद्या आल्या तशी लग्नसराईतली गर्दी ओसरली. पूर्वी दुकानापुढे बैलगाड्या थांबायच्या म्हणे. माझ्या वेळेला तर एखादी मोटरसायकल थांबली तरी अब्बा उठून उभे राहायचे. म्हणून मी फोनवर दुकानाचं पान काढलं. पहिला व्हिडिओ पिंजण मशीनचा होता. मशीनच्या तोंडातून रुई उसळते, हवेत तरंगते आणि त्या पांढऱ्या धुक्यात अब्बांचे फक्त डोळे दिसतात. लोकांनी तो खूप पाहिला. ‘हे बघून झोप येते’ असं लिहिलं. ऑर्डर मात्र एकही आली नाही.

मग पुण्याच्या एका बाईंनी आपल्या वारलेल्या आईची लुगडी पाठवली, रजईची खोळ शिवायला. ती शिवतानाचा व्हिडिओ मी टाकला, खाली लिहिलं, ‘आईची ऊब’. तो कुठच्या कुठे गेला. त्यानंतर कुरिअरवाला रोज दुकानात यायला लागला. नाशिकहून, ठाण्याहून, एकदा तर पार बंगळुरूहून गेलेल्या माणसांच्या कपड्यांचे गठ्ठे आले. मी शिकत गेले. व्हिडिओ चेहऱ्यानं सुरू करायचा नाही, हातानं करायचा. कापड कापताना कात्रीचा आवाज येऊ द्यायचा. आणि ‘गेलेल्यांची’ हा शब्द लिहायचाच. तो लिहिला की लोक थांबतात.

दुकान चालायला लागलं. पण मागची खोली बदलली. कपडे माणसाचा आकार सोडत नाहीत. धुऊन दांडीवर टाकले तरी सदऱ्यांच्या बाह्या कोपरात वाकलेल्याच राहत. पंखा लावला की त्या सगळ्या एका बाजूला वळत. मी त्या खोलीत कपड्यांकडे पाठ करून बसायचं सोडलं.

एक दिवस पाहिलं तर अब्बा सकाळी त्या खोलीच्या दारात थांबून सलाम करत होते.

“अब्बा, किसको सलाम कर रहे?”

“जो भी है,” म्हणाले आणि मशीनकडे गेले.

असंच चाललं असताना एका दुपारी जानेफळकडच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. हातात कापडी पिशवी, मागे ऑटोवाल्याच्या खांद्यावर एक पोतं. पिशवीत शर्ट होते, घडी करून, इस्त्री असल्यासारखे चापूनचोपून.

“कोनाचे हायेत काकू?” मी विचारलं.

“घरच्यायचे.” म्हणजे नवऱ्याचे.

“कधी गेले?”

“बोंडअळीच्या साली.”

ते साल आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. बीटी कापसाला अळी लागत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. त्या साली बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. मी पुढे काही विचारलं नाही. ह्या धंद्यात मी तेही शिकले होते.

पोत्यात रुई होती. पिवळट, डागाळलेली, गाठी गाठी असलेली. असल्या कापसाला इथे कवडी म्हणतात, व्यापारी तो पायानं बाजूला सारतो. काकूंनी तो त्याच साली वेचून ठेवला होता आणि घरी बसून हातानं सरकी काढली होती.

“याच्यातच भरा,” त्या म्हणाल्या. “दुसरा कापूस नोको.”

“बरं.”

“व्हिडिओ टाकसान ना?”

“टाकते की.”

“शर्ट नीट दिसू द्या. कोनता कोनता हाय ते ओळखू आलं पायजे.”

“काऊन हो काकू?”

“पाहनाऱ्यानं पाहावं,” त्या म्हणाल्या आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

ती रुई मशीनमध्ये घातली तेव्हा दुकानभर फवारणीच्या औषधाचा वास सुटला. इतक्या वर्षांनी कुठून आला कोण जाणे. धूळ उडाली ती पांढरी नव्हती, फिकट गुलाबी होती. ती अब्बांच्या भुवयांवर बसली. त्यांनी मशीन बंद केलं, पदरासारखा रुमाल तोंडावर ओढला आणि म्हणाले, “ये रुई बीमार है, बेटा.” तरी पिंजली. गिऱ्हाइकाला शब्द दिला होता.

शर्टांचे चौकोन कापून मी खोळ शिवली. एक तपकिरी पट्ट्यांचा होता, एक पांढरा, कॉलर झिजलेला, आणि एक निळा चौकटीचा. निळ्याचा खिसा मी तसाच ठेवला. असा खिसा रजईवर छान दिसतो, लोकांना आवडतो. व्हिडिओत प्रत्येक शर्टावरून हात फिरवला, काकूंनी सांगितलं होतं तसा. खाली लिहिलं, ‘त्यांच्याच शेतातला शेवटचा कापूस, त्यांचेच शर्ट. गेलेल्यांची ऊब.’

आतापर्यंतचा माझा कुठलाच व्हिडिओ इतका चालला नव्हता. हात जोडलेली चित्रं, पणत्या, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी खालीखाली सरकवत राहायचे आणि ते संपायचं नाही. जळगाव जामोदहून, अकोल्याहून नव्या ऑर्डरी आल्या. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

मग त्या सगळ्यांत एक ओळ आली. फोटो नसलेलं खातं होतं.

‘निळा शर्ट माहा हाय.’

कुणीतरी खोडसाळपणा करतंय असं वाटून मी ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली होती. मशीन बंद, पंखा बंद, बाहेर रस्ताही सुनसान. फोनवर मेसेज वाजला. तेच खातं.

‘खिशात हात घाला. आतून हिरवा टाका हाय. म्याच घातला.’

रजई समोरच होती. काकू अजून न्यायला आल्या नव्हत्या. तो खिसा मी धुतला होता, इस्त्री केला होता, पण आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. व्हिडिओत तर ते दिसणं शक्यच नव्हतं. मी दोन बोटं आत घातली आणि कड उलटी केली. हिरव्या धाग्याचा जाड टाका होता, पुरुषाच्या हातचा, वेडावाकडा.

माझी बोटं तिथेच राहिली. काढावीत असं सुचेना. मागच्या खोलीत वारा नव्हता, तरी मला तिकडे पाहवेना.

मी अब्बांना हाक मारली. त्यांनी टाका पाहिला, फोनवरची ओळ माझ्याकडून वाचून घेतली. मग शांतपणे म्हणाले, “उसने बात की है ना? फिर जवाब दे. बिना जवाब के किसी को खड़ा नहीं रखते.”

मी लिहिलं, ‘तुम्ही कोण?’

उत्तर आलं, ‘तुमीच सांगा. सारे श्रद्धांजली वाहून राह्यले न.’

मी दुकानाचा नंबर पाठवला. लगेच फोन आला. आधी नुसता आवाज होता, आमच्या मशीनसारखाच, पण कितीतरी मोठा, जणू पिंजण मशीनच्या पोटातून कुणी बोलतंय. मग एक बसका गळा म्हणाला, “मी मेलो हे तुमाले कोनं सांगतलं?”

तो गुजरातेत एका सूतगिरणीत कामाला होता. मागचा आवाज तिथला. “जेवून राह्यलो होतो,” तो म्हणाला. “बाजूच्यानं व्हिडिओ लावला. माहे शर्ट. माहा कापूस. माह्या भावानं बी खाली हात जोडलेले. मी त्याले म्हनलं, पाय रे, मी मेलो काय बे? तो हासला. मले हासू नाही आलं. मी किती वेळ हाताकडंच पाहत बसलो.”

फोन ठेवून मी काकूंना लावला. सगळं सांगितलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, “आवाज बसका हाय?”

“हाव.”

“मंग तेच.”

“काकू, तुमी तर म्हनल्या गेले!”

“गेलेच होते. मी खोटं नाही बोलली.” त्या हळूहळू बोलत होत्या, शब्द मोजून. “ते घरातून गेले तवा त्यायचा फोटो म्या साऱ्या ग्रुपवर टाकाले लावला. हरवला म्हनून. पोलिसात बी सांगतलं. कोनी पुढं धाडला नाही. मंग सुनबाईच्या फोनवर तुमचे व्हिडिओ पाहिले. मेलेल्या मान्सायले सारी दुनिया पाहते. जित्त्याले कोन पाहते, ताई?”

पान माझं, व्हिडिओ माझा, शब्द माझे. आणि मी ते काकूंच्या शोधासाठी चालवत होते, हे मला तेव्हा कळलं. अंगावर काटा आला तो त्या टाक्यानंही आला नव्हता.

आठवड्याभरात तो आला. घरी जाण्याआधी दुकानात आला, कारण स्टँडवर गावचा एकजण भेटला होता आणि ह्याला पाहताच हातातली थैली टाकून मागे सरकला होता. असं गावात एकट्यानं कसं जायचं, म्हणाला. दारात उभा होता, केसांत आणि मिशीत सुताचा बारीक तूस अडकलेला. अब्बांनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. पाय सरळ होते. त्यालाही ते समजलं असावं, कारण त्यानं चपला काढून पाय पुढे ठेवले आणि तसाच उभा राहिला, आमचं पाहून होईपर्यंत.

अब्बांनी चहा मागवला. त्यानं रजईला हात लावला, खिशापाशी थांबला, पण मांडीवर घेतली नाही.

काकू आल्या तेव्हा चहा निवत आला होता. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वाळले,” काकू म्हणाल्या.

“तू मले मारून टाकलं.”

“तुमी सांगून गेल्ते काय?”

तो खाली पाहत बोलला. “वावरात एक बोंड फोडलं, अळी. दुसरं फोडलं, अळी. पूर्न तासात, या टोकापासून त्या टोकालोक, तेच. मंग वाट धरली. परत फिरावं वाटे, पन मंग लय उशीर झालता. काय तोंडानं येऊ?”

“याच तोंडानं,” काकू म्हणाल्या. त्यांनी रजई स्वतः उचलली, काखेत मारली आणि दोघं स्टँडकडे गेले. तो चार पावलं मागे चालत होता.

मी व्हिडिओ काढून टाकला. त्याचा काही उपयोग झाला नाही. तो केव्हाच दुसऱ्यांच्या पानांवर गेला होता. कुणी त्यावर बासरी लावली, कुणी आपल्या चादरींची जाहिरात केली. तिथे तो माणूस अजून मेलेलाच आहे आणि अजून लोक हात जोडतात.

पुढच्या हिवाळ्यात काकू उशा भरायला आल्या. तो घरीच आहे, म्हणाल्या. कापूस सोडला, आता सोयाबीन पेरतो. रजई पेटीत आहे. ती अंगावर घेत नाही, टाकूही देत नाही.

“बाकी बरे हायेत ना?” मी विचारलं.

“बरे हायेत. रोज जेवल्यावर फोन घेऊन बसते मानूस. वाचते.”

“काय?”

“श्रद्धांजल्या. कोनं काय लिहिलं, सारं पाठ झालं. अनोळखी मान्साचं नाव घेऊन मले सांगते, पाय, हा माह्यासाठी रडला.”

“काढून घ्या न फोन,” मी म्हटलं.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “एवढं कोनी बोललं नव्हतं त्यायच्याशी.” मग त्यांनी उशीवर हात दाबून पाहिला आणि अब्बांना विचारलं, “चाचा, अजून थोडी रुई बसन काय याच्यात?”