पटावर बसायची परवानगी

"हाऽऽ रे हाऽऽ, निंगा रे माह्या वाघहोऽऽ"

पटाच्या मैदानावरून कोणीतरी ओरडत होतं, आणि ते ओरडणं माझं होतं. शब्द माझे, सूर माझा, 'वाघहो'वर जो हेल काढायचा तोही माझाच. गळा तेवढा दुसऱ्याचा. मी स्वतः त्या वेळी घराच्या पडवीत बाजेवर पडलो होतो. उजवा पाय तणसाच्या पेंढीवर, डोक्याला लाल फेटा, आणि मांडीवरच्या सुपात निवडायला घेतलेली लाखोरीची डाळ. बैल माझे, छकडा माझा, हाक माझी. फक्त मीच तिथे नव्हतो.

सूप हातातून सुटलं. अंगणातल्या कोंबड्यांचा त्या दिवशी सण झाला.

आता पायाचं सांगतो. आरमोरीकडच्या जंगलात आम्ही बांबू तोडायला जायचो. तोडलेल्या बांबूचं बूड जमिनीत तिरपं उरतं, सुरीसारखं. त्यावर मी अख्ख्या अंगाचा भार देऊन उजवा पाय ठेवला. गावात सगळे म्हणतात की बांबू वीतभर आत गेला होता. खरं तर हातभर गेला होता; वीतभर मीच सांगितलं, लोकांचा विश्वास तर बसला पाहिजे. पंधरा दिवस हळद बांधली, जंगलात जेवढा पाला होता तेवढा वाटून लावला. पाय सुजत सुजत असा झाला की बाजेवर आम्ही दोघं झोपायचो, एका कडेला मी आणि एका कडेला तो. शेवटी बैलगाडीनं वैनगंगेपर्यंत, डोंग्यानं पलीकडे, आणि तिथून छोट्या रेल्वेनं चांद्याला नेलं. तिथल्या डॉक्टरानं पाय चिरून आतल्या काड्या काढल्या. त्यांत एक टोपली सहज विणून झाली असती, पण दवाखान्यात कोणाला बुरडकाम येत नव्हतं, म्हणून फेकून दिल्या.

डॉक्टर पुण्याकडचा होता, धुतल्यासारखं मराठी बोलायचा. निघताना म्हणाला, "महिनाभर पाय जमिनीला टेकवायचा नाही. जखम उघडली तर पाय कापावा लागेल. जेवताना पाटावर बसायला हरकत नाही, पाय मात्र लांब ठेवा."

मी ऐकलं ते असं: पटावर बसायला हरकत नाही.

खरोखर तसं ऐकू आलं का, याची शपथ मला घालू नका. पण पुस महिना तोंडावर आला होता. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्याकडे शंकरपट भरतो, बैलजोड्यांची शर्यत. आमच्या गावाचा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, मी होतो. अशा माणसाला डॉक्टर आणखी कशावर बसायला सांगणार?

बायको शेजारीच उभी होती. रेल्वेत बसल्याबरोबर म्हणाली, "अजी, पाट म्हणला तो. बसाचा पाट."

"तू तिकडं गाठोडं बांधून राह्यली होती. तुले का आयकू येते?"

"मले समदं आयकू येते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

घरी आल्यावर भेटायला येईल त्याला मी सांगायचो की डॉक्टरानं पटाची परवानगी दिली आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत ती लेखी झाली होती.

हे सगळं हौसेपायी नव्हतं. धुरकऱ्याचं एक असतं. जोडी एकदा दुसऱ्याच्या हाकेवर जिंकली की तिचे कान फिरतात. मग तुम्ही तिला सरकीची ढेप चारा, अंग चोळा, गळ्यात गळा घालून रडा. पळायची ती त्याच्यासाठीच. तेव्हा एकतर मी हाकणार, नाहीतर जोडी त्या वर्षी गोठ्यात राहणार, हे मी घरात बजावून ठेवलं होतं.

मदतीला साळा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, पण चांगला तीस वर्षांचा गडी, दोन लेकरांचा बाप, पाठ दरवाजाच्या फळीसारखी. रोज सकाळी तो मला पाठुंगळी मारून गावाबाहेरच्या तळ्याकडे न्यायचा. मला आंघोळही तोच घालायचा. उपड्या उखळावर माझा पाय ठेवायचा आणि वर एक थेंब उडू द्यायचा नाही. खोटं कशाला बोलू, सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं त्यानं केलं. त्याच्या पाठीवर बसलो की मला जुनी सवय आठवायची. मी टाचेनं कुशीत डिवचायचो आणि पटावरची हाक द्यायचो, "हाऽऽ रे हाऽऽ, निंगा रे माह्या वाघहोऽऽ." तो पळत सुटायचा. हसू नका. सकाळच्या घाईत माणसाला वेग लागतो.

"भाऊजी, वाघहोवर आवाज कसा ओढता तुमी? पुन्हा म्हणा बरं," तो धापा टाकत विचारायचा. मी पुन्हा म्हणायचो. असा शिष्य कुठे मिळतो? पाठीवर गुरू घेऊन पळणारा.

त्यालाच मी बेत सांगितला. "पटाच्या दिशी मले पाठीवर नेऊन छकड्यावर ठेवजो. पाय मी बांधून घेतो. तुह्या बहिणीले सांगाचं नाई."

"नाई सांगत."

"शिंगाले हात लाव."

त्यानं उजव्या बैलाच्या शिंगाला हात लावला.

पटाच्या दिवशी सकाळी त्यानं बैल धुतले, शिंगांना तेल लावलं. मी बाजेवर पडल्यापडल्या स्वच्छ धोतर नेसलो, हे ज्यानं केलं असेल त्यालाच कळेल, आणि फेटा बांधला. साळा म्हणाला, "भाऊजी, जोडीले पाणी दाखवून आणतो, मंग तुमाले नेतो." छकडाही जुंपून नेला. पाणी दाखवायला छकडा कशाला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बायकोनं माझ्या फेट्याकडे पाहिलं. म्हटलं, आता भांडण होणार. तिनं आतून सूप आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "बसलेच हाव तं एवढी डाळ निवडा."

मी निवडत बसलो. फेटा बांधून.

आणि मग ती हाक आली.

पहिल्यांदा मला राग नाही, हसू आलं. कारण ओरडणं कोणीही चोरावं. माझी जोडी ओरडण्यावर पळतच नसे. ते लोकांसाठी होतं. खरी हाक त्याच्यानंतर. छकडा सुटायच्या क्षणी मी पुढे वाकायचो आणि बैलांना ऐकू जाईल एवढंच म्हणायचो, "चाला घरी." दिवसभर नांगर ओढून मेलेला बैल घराकडे तोंड झाल्यावर कसा निघतो ते पाहा, म्हणजे कळेल. ते दोन शब्द एरवी मी फक्त गोठ्यात, बैलांच्या कानाशी म्हणायचो; साळ्याच्या पाठीवर कधी उच्चारले नव्हते. तळ्याकडे जाताना 'चाला घरी' म्हणून कसं चालेल?

तेव्हा मी कान देऊन वाट पाहत होतो की आता जोडी चार पावलांवर उभी राहील आणि लोक हसतील. लोक हसले नाहीत. असा कल्लोळ उठला की आमच्या छपरावरची कवेलं हलली. तो कल्लोळ मी ओळखत होतो. आजवर तो माझ्यासाठी व्हायचा.

दुपारी साळा आला. अंगभर गुलाल, कडेवर बक्षिसाचा पितळी गुंड, पाणी भरायचा, लेकरू घ्यावं तसा.

"भाऊजी, जोडीनं नाव राखलं तुमचं."

"मले कोण नेणार होता?"

"म्या."

"मंग?"

"मंग म्हणलं, ढोरंच नेतो. तुमाले कायले त्रास."

"शिंगाले हात लावला होता ना तू?"

"लावला होता. बहिणीले सांगणार नाई, असा लावला होता. म्या नाईच सांगतलं."

बैल माझ्या बाजेसमोरून गेले. उजवा, ज्याला मी माझ्या ताटातला भात चारला होता, त्यानं साळ्याच्या खांद्याला कपाळ घासलं. मी नेहमीसारखी जीभ वाजवली. एकाचाही कान वळला नाही. डॉक्टरानं पाय कापला असता तर एवढं दुखलं नसतं. हे मी वाढवून सांगत नाही.

महिना भरला, पाय टेकला, साळा त्याच्या गावी गेला. मी काठी घेऊन गोठ्यात गेलो, छकडा जुंपला, मोकळ्या बांधीत नेला. ओरडलो. मग वाकून हळूच ते दोन शब्द म्हटले. बैल निघाले, निघाले नाहीत असं नाही. शेणखताची गाडी ओढावी तसे निघाले. आणि बांधीच्या टोकाला जाऊन उभे राहिले, साळ्याच्या गावाच्या रस्त्याकडे तोंड करून.

परत आलो तेव्हा बायको पडवी सारवत होती. मी उंबऱ्यावर बसलो.

"तुह्या भावानं ओरडणं चोरलं, ते जाऊ दे. ते म्याच पाठीवर बसून शिकवलं. पण शेवटचं? ते म्या कोणालेच सांगतलं नाई. ते त्याले कोणी सांगतलं, बैलानं?"

तिनं सारवणाचा हात पुढे नेला, मागे आणला.

"त्याले शेवटचं येत नव्हतं," ती म्हणाली. "मीच सांगतलं."