अंतरा कापलेली बागेश्री

कुंदा गेल्याचा फोन सकाळी तिच्या भाच्याचा, अजयचा आला. "विजूमावशी, कुंदामावशी गेली... झोपेतच." मी दादरहून गिरगावात पोचले, तर तिच्या चाळीच्या जिन्यात भेटेल तो तेच म्हणत होता. किती शांत मरण, भाग्य लागतं. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर पुढे जोडलं, "गाणंही कसं शांत होतं त्यांचं. आम्ही रात्री लावतो, दहा मिनिटांत झोप." भला माणूस, मनापासून बोलत होता. आणि जिना ही काही भांडायची जागा नव्हे. पण महिना झाला तरी तो 'शांत' शब्द माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

कुंदा मयेकर लालबागच्या चाळीत वाढली. वडील गिरणीत मागावर होते. गिरगावात एका गुरुजींकडे आम्ही दोघी शिकायला जायचो. माझ्या गळ्याची मजल लवकरच माझ्या ध्यानात आली आणि मी तंबोरा घेऊन तिच्या मागे बसू लागले, ती कायमचीच. तिच्या घरी एकच खोली. वडील पाळी संपवून यायचे, जेवून आडवे व्हायचे आणि म्हणायचे, "लायट घालव गो, पण गाणा थांबव नको." मग ती अंधारात खर्ज लावून बसायची आणि थोड्याच वेळात वडील घोरू लागायचे. तुला वाईट नाही वाटत, असं मी एकदा विचारलं. ती हसली. "वाईट कशाचं? कोण गातंय ते त्यांना माहीत असतं ना."

पुढे ती भायखळ्याच्या एका शाळेत संगीत शिकवू लागली आणि गिरगावातल्या या चाळीत राहायला आली. छोट्या बैठका, कुठे वाडीतला गणपती, कुठे कुणाची साठीशांत. मोठं व्यासपीठ तिच्या वाट्याला आलंच नाही. निघाली ती एकच कॅसेट, तीही बागेश्रीची, दादरच्या एका लहानशा स्टुडिओत एका दुपारी ध्वनिमुद्रित केलेली. तबल्याला नारायणराव होते, नोकरी सांभाळून आयुष्यभर साथ करणारे, आता नाहीत. बंदिश गुरुजींची स्वतःची. त्यातली बाई रात्रभर कुणाची तरी वाट बघत जागी आहे. अस्ताईत, म्हणजे पहिल्या भागात, ती समजुतीनं बसलेली असते, आणि अंतऱ्यात मात्र चिडते, त्या न आलेल्याला जाब विचारते. कुंदा तिथे तार षड्जावर अशी काही जायची की तंबोऱ्यावरची माझी बोटं क्षणभर थबकायची. कॅसेट फारशी खपली नाही. कंपनी बंद पडली, तिचा माल दुसऱ्या कुणी घेतला, आणि आम्हीही विसरलो.

दोनेक वर्षांपूर्वी, निजानीज व्हायच्या सुमारास, कुंदा दाराला कडी लावत होती. शेजारची सून मृणाल बाळाला निजवत होती आणि तिच्या फोनवर गाणं चाललं होतं. कुंदा तशीच शेजारी गेली.

"मृणाल, कोण गातंय गं हे?"

"नाव नाहीये काकू. 'गाढ झोपेसाठी शास्त्रीय संगीत' एवढंच लिहिलंय."

"मी गातेय," कुंदा म्हणाली. मृणाल बिचारी गोंधळली. आधी तिला ती थट्टाच वाटली, मग तिनंच ते चाळभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कुंदा माझ्याकडे आली आणि आम्ही ते पहिल्यापासून ऐकलं. चित्रात तळं आणि चंद्र. आवाजामागे समुद्राच्या लाटा. तबला पुसून टाकलेला. लय ओढून ओढून संथ केलेली. आणि अस्ताईचा काही मिनिटांचाच तुकडा, पुन्हा पुन्हा फिरणारा. आठ तास! मी रागानं लाल झाले होते, पण कुंदा डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "अंतऱ्याच्या तोंडाशी आणतात आणि परत पहिल्या ओळीवर ढकलतात. रात्रभर ती बाई नुसती वाट बघतेय, विजू. तिला चिडूसुद्धा देत नाहीत... आणि नारायणरावांना तर समुद्रातच बुडवलं."

ते गाणं असं करून चढवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात आम्ही दोघी गेलो. परळला, काचेच्या इमारतीत. एक तरुण मुलगा भेटला, नम्र होता, चहा मागवला. "मॅम, ही स्लीप कॅटेगरी आहे. इथे आर्टिस्टचं नाव कोणी बघत नाही." मी म्हटलं, करारावर सही करून हिनं गाणं दिलं असेल, नाव कुठे विकलं होतं? कुंदानं माझा हात दाबला. "नाव राहू दे. समुद्र काढा, तबला परत घाला आणि अंतरा जोडा. एवढंच करा." तो अवघडून म्हणाला, "पण काकू, अंतऱ्यात आवाज चढतो ना. लोकांची झोप मोडते."

"मोडली पाहिजे," कुंदा म्हणाली.

फीडबॅक वर कळवतो, असं त्यानं सांगितलं. मग आम्ही फोन केले, मेल पाठवले. उत्तर आलं नाही. आजही ते तसंच वाजतंय, समुद्रासकट.

झोप न लागणाऱ्यांवर माझा राग नाही. या शहरात दिवसभर राबून माणूस घरी येतो, त्याला गाण्यानं डोळा लागत असेल तर लागो. माझा राग आहे तो गाण्याचं गुंगीचं औषध करणाऱ्यांवर. बाईच्या गळ्यातला संताप कापून काढायचा, उरलेल्याला शांत म्हणायचं, आणि ती बाई कोण होती हे सांगायचीही तसदी घ्यायची नाही... हा कुठला न्याय? आणि मेल्यावरही तेच. दादरला झालेल्या शोकसभेत निवेदकानं सुरुवातच 'मनाला शांती देणारा स्वर' अशी केली. तेव्हा मात्र मी उठले. कुंदाचं नाव घेतलं, गुरुजींचं घेतलं, नारायणरावांचं घेतलं, आणि मूळ कॅसेटवरून उतरवून घेतलेली बागेश्री अंतऱ्यासकट लावली. खुर्च्यांची कुरकुर थांबली. नंतर ते पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ जवळ आले. "हे पुढचं आमच्याकडे नाहीये हो," ते म्हणाले. "नसणारच. कापलंय," मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "तबला कोणाचा म्हणालात?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ते नाव दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

कुंदाची खोली अजय आता रिकामी करतोय. तिचा टेपरेकॉर्डर त्यानं मला दिला. रोज निजण्यापूर्वी कुणा ना कुणाची एक कॅसेट ती त्यावर ऐकायची, पण अंथरुणावर आडवी होऊन कधीच नाही. भिंतीला पाठ टेकून, दिवा चालू ठेवून बसायची. पेंग यायला लागली तरी बाजू संपू द्यायची, बटण बंद करायची, आणि मगच दिवा मालवायची. दुसऱ्याच्या झोपेबद्दल तिची तक्रार नसे, स्वतःला मात्र ती मुभा नव्हती. "गाणाऱ्याला अर्ध्यात टाकून झोपू नये," म्हणायची. आता मीही तशीच बसते. परवा दिवसभराची दमणूक होती. बागेश्री लावली आणि अस्ताईतच माझे डोळे मिटायला लागले. मी टेप थांबवला, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि पदरानं तोंड पुसत परत येऊन बसले.